अमेरिकेचं नक्की म्हणणं काय? भारताच्या अणुकार्यक्रमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अणुकराराची बातमी आली की आमच्या ग्रुपवर तेच ते प्रश्न येतात आणि तीच ती भांडणं होतात, म्हणून म्हटलं एकदाच बसून सगळं लिहून काढावं आणि पुढच्या वेळी फक्त लिंक टाकावी. मी बोईसरचा, तारापूर अणुवीज केंद्राची चिमणी बघत मोठा झालो, त्यामुळे उत्तरं फिरून फिरून तारापूरला येतील, पण त्याला इलाज नाही कारण हा सगळा किस्सा सुरूच तिथे होतो.

एका वाक्यात सांगा, अमेरिका भारताच्या अणुकार्यक्रमाच्या बाजूने आहे की विरोधात?

एका वाक्यात नाही होणार. १९६३ ला बाजूने होती, १९७४ ला गप्प होती, १९७८ नंतर विरोधात गेली, १९९८ ला भडकली आणि २००५ ला तर आपल्यासाठी स्वतःचा कायदा बदलायला निघाली. भारताचं म्हणणं या सगळ्या काळात फारसं बदललेलं नाही हे लक्षात घ्या, म्हणजे बदललं ते तिकडचं. माझं मत विचाराल तर अमेरिकेला अण्वस्त्रं पसरण्याची भीती खरीच होती, ते काही नाटक नव्हतं, पण त्या त्या वेळी तिला भारताकडून दुसरं काय हवंय यावर ती भीती कमीजास्त व्हायची. आणि दुसरी गोष्ट जी आपल्याकडे कोणी सांगत नाही ती म्हणजे तिथला राष्ट्राध्यक्ष एक म्हणतो आणि संसदेने करून ठेवलेला कायदा दुसरंच म्हणतो, त्यात आपण अडकायचो.

सुरुवातीला अमेरिकेनेच मदत केली हे खरं आहे का?

शंभर टक्के. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने युनोत भाषण केलं, शांततेसाठी अणू अशी ती कल्पना, म्हणजे तंत्रज्ञान आम्ही देतो तुम्ही फक्त वीज आणि औषधपाण्यासाठी वापरा. त्याच हवेत होमी भाभांनी तुर्भ्याला कॅनडाकडून ४० मेगावॉटची संशोधन अणुभट्टी मिळवली आणि तिला लागणारं जड पाणी दिलं अमेरिकेने, सुमारे २१ टन. म्हणून तिचं नावच सायरस, त्यात कॅनडाचा सी, इंडियाचा आय आणि शेवटचे यू एस म्हणजे अमेरिका. १९६० ला ती सुरू झाली. कागदावर एवढंच लिहिलेलं होतं की वापर शांततेसाठी करायचा, पण शांततेचा म्हणजे नक्की कोणता हे कोणी नीट लिहिलं नाही आणि पुढची ५० वर्षं वाद त्यावरच झाला.

तारापूर अमेरिकेने फुकट बांधून दिलं ना?

फुकट नाही हो. ऑगस्ट १९६३ मध्ये ३० वर्षांचा करार झाला, जनरल इलेक्ट्रिकच्या दोन भट्ट्या आल्या, आणि पैशाला अमेरिकन सरकारचं सुमारे ८ कोटी डॉलरचं कर्ज, व्याज अगदी नाममात्र. ऑक्टोबर १९६९ मध्ये वीज विकायला सुरुवात झाली. भारताची ही पहिली अणुवीज आणि ती महाराष्ट्र आणि गुजरात दोघांना जायची, आमच्या गावात मात्र उन्हाळ्यात तासन्‌तास लाईट नसायची, दिव्याखाली अंधार म्हणतात ते आम्ही शब्दशः भोगलंय.

आता गोम अशी की या भट्ट्यांना लागतं समृद्ध युरेनियम आणि ते भारताकडे नव्हतं. करारात असं ठरलं की ३० वर्षं इंधन अमेरिकाच देणार आणि भारत दुसरीकडून घेणार नाही. म्हणजे गाडी आपली पण पेट्रोल पंप एकच आणि तोही वॉशिंग्टनला.

भारताने एनपीटीवर, म्हणजे अण्वस्त्रं पसरू नयेत म्हणून केलेल्या करारावर, सही केली असती तर हे सगळं टळलं असतं का?

कदाचित. पण तो करार काय म्हणतो बघा, १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्यांनी स्फोट केला ते अण्वस्त्रधारी, बाकीच्यांनी आयुष्यभर हात जोडून उभं राहायचं. चीनने ऑक्टोबर १९६४ मध्ये केला होता म्हणून चीन आत. १९६२ चं युद्ध ताजं असताना दिल्लीतल्या कोणत्याही सरकारला यावर सही करणं जड होतं, मग ते कोणत्याही पक्षाचं असो.

१९७४ ला पोखरण झाल्यावर अमेरिकेने काय केलं?

ऐकून आश्चर्य वाटेल पण लगेच फारसं काही नाही. १८ मे १९७४ ला स्फोट झाला, कॅनडाने संतापून अणुसहकार्यच थांबवलं कारण स्फोटातलं प्लुटोनियम सायरसमधून आलेलं होतं. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री किसिंजर, त्याला वाटलं झालं ते झालं आता आरडाओरडा करून काय मिळणार, तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीला येऊनही गेला. अमेरिकन जड पाणी त्यात वापरलं गेलं का यावर तिथलं परराष्ट्र खातं आधी नाही नाही करत होतं, मग दोन वर्षांनी कबूल केलं, आणि मग त्यांचे सिनेटर पिसाळले. खरी कारवाई पडद्यामागे झाली, अणुमाल विकणाऱ्या देशांनी मिळून एक क्लब काढला, तोच आजचा एनएसजी. आपल्यामुळे जन्माला आलेल्या क्लबमध्ये आपल्यालाच आज मेंबरशिप मिळत नाहीये, कसला न्याय हा.

तारापूरचं इंधन अडवलं तो किस्सा नक्की काय?

हा खरा मुद्द्याचा प्रश्न, इथे जरा वेळ घेतो.

मार्च १९७८ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कार्टरने एका कायद्यावर सही केली. त्यात म्हटलं की ज्या देशाला अमेरिकन अणुइंधन हवं त्याने आपल्या सगळ्या अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय तपासणी मान्य केली पाहिजे, म्हणजे फक्त तारापूर नाही तर तुर्भ्याचं बीएआरसी म्हणजे भाभा अणु संशोधन केंद्र पण उघडं करा. तारापूर आधीपासून तपासणीखाली होतंच, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. भारताचं म्हणणं, अहो आपला करार १९६३ चा आहे, त्यात ही अट कुठे आहे, तुम्ही १५ वर्षांनी तुमच्या घरात कायदा केला तर तो आम्हाला कसा लागू होतो? बाजू आपली भक्कम होती असं मला आजही वाटतं. भाडेकरार झाल्यावर मालकाने मध्येच येऊन सांगावं की आता तुमच्या गावाकडच्या घराची पण चावी द्या, तसला प्रकार.

१९८० मध्ये मजा झाली. तिथल्या अणु नियामक आयोगाने आपल्या इंधनाचं लायसन्स नाकारलं. कार्टरने, म्हणजे ज्याने स्वतः कायद्यावर सही केली त्यानेच, आयोगाला बाजूला सारून ३८ टन इंधन सोडायचं ठरवलं, कारण तोपर्यंत रशिया अफगाणिस्तानात घुसला होता आणि भारताला फार दुखावणं परवडणार नव्हतं. खालच्या सभागृहाने विरोधात मत दिलं. सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ असं कार्टर कसाबसा तरला. दोन मतं! आमच्या तारापूरची भट्टी दोन अमेरिकन सिनेटरांच्या मतावर चालली असं म्हटलं तरी चालेल.

पण दरवेळी असं कोण करणार, म्हणून जुलै १९८२ मध्ये इंदिराबाई वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा रेगनबरोबर तोडगा निघाला की इंधन फ्रान्स देईल. अमेरिकेचा कायदाही मोडला नाही, भट्टीही बंद पडली नाही, आणि दोघांनी आपापल्या घरी जाऊन जिंकलो म्हणून सांगितलं. पुढे १९९३ ला करार संपला, फ्रान्सने हात वर केले, मग इंधन कोणी दिलं तर चीनने, आणि नंतर रशियाने. हो, चीनने. ही गोष्ट ग्रुपवर टाकली की कोणी विश्वास ठेवत नाही.

कार्टरचं आणि हरियाणातल्या गावाचं काय आहे?

जानेवारी १९७८ मध्ये कार्टर भारतात आला, दिल्लीजवळच्या एका खेड्याला भेट दिली आणि त्या गावाचं नाव कार्टरपुरी पडलं. त्याच दौऱ्यात तो स्वतःच्या परराष्ट्रमंत्र्याच्या कानात सांगत होता की घरी गेल्यावर आपले पंतप्रधान मोरारजींना अणुविषयावर एक थंड आणि रोखठोक पत्र लिहू या, आणि माईक चालू होता. सगळ्या पत्रकारांनी ऐकलं. मोरारजी स्वतः बॉम्बच्या विरोधातले होते, तरीसुद्धा त्यांनी तपासणीच्या अटीला मान तुकवली नाही.

१९९५ मध्ये चाचणी होणार होती ती अमेरिकेने थांबवली का?

अमेरिकन उपग्रहांनी पोखरणमधली हालचाल टिपली, दिल्लीतल्या त्यांच्या राजदूताने फोटोसकट विचारणा केली, बातमी फुटली आणि नरसिंह रावांनी ती चाचणी केली नाही. रावांनी अमेरिकेला घाबरून थांबवली की दुसरी काही कारणं होती यावर अजून वाद घालतात लोक. एवढं मात्र खरं की पुढच्या वेळी आपले लोक उपग्रह कधी डोक्यावर असतो ते बघून रात्री काम करायला शिकले.

१९९८ ला अमेरिका एवढी का चिडली, १९७४ ला तर गप्प होती?

तीन कारणं एकत्र आली. एक, यावेळी भारताने शांततेचा स्फोट वगैरे म्हटलं नाही, ११ आणि १३ मे ला पाच चाचण्या केल्या आणि सरळ सांगितलं की हे शस्त्र आहे. दोन, अमेरिकन गुप्तचरांना पत्ताच लागला नाही, ती नामुष्की. तीन, क्लिंटन सीटीबीटी म्हणजे चाचणीबंदीचा करार जगाच्या गळी उतरवत होता आणि आपण त्याच्या पंगतीत पाणी ओतलं.

वाजपेयींनी क्लिंटनला पत्र लिहिलं, त्यात चीनचं नाव न घेता सगळा रोख चीनवर होता, आणि ते पत्र थेट अमेरिकेतल्या पेपरात छापून आलं. क्लिंटनकडे फार पर्यायही नव्हता, ग्लेन अमेंडमेंट नावाचा कायदा होता की चाचणी केली की निर्बंध लागणारच, राष्ट्राध्यक्षाला सूट द्यायची सोय सुरुवातीला नव्हतीच. जूनमध्ये चाचण्यांचा निषेध करणारा सुरक्षा परिषदेचा ठराव ११७२ पण आला.

आणि मग तीच गंमत. जाहीरपणे निर्बंध, आणि आतून आपले जसवंत सिंग आणि अमेरिकेचा उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टालबॉट यांच्या चर्चेच्या चौदा फेऱ्या. अमेरिका म्हणत होती सीटीबीटीवर सही करा, बॉम्बचा माल बनवणं थांबवा, क्षेपणास्त्रांवर लगाम घाला, निर्यातीचे नियम कडक करा. शेवटचं आपण तसंही करत होतो. बाकीच्यावर जसवंत सिंगांनी चहा पाजत पाजत दोन वर्षं काढली, आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या स्वतःच्याच सिनेटने सीटीबीटी फेटाळला. मग आपल्याला कोणत्या तोंडाने सांगणार? मार्च २००० मध्ये क्लिंटन भारतात येऊन संसदेत भाषण करून गेला.

निर्बंधांनी आपलं किती नुकसान झालं?

लोकांना वाटतं तेवढं नाही आणि सरकार सांगतं तेवढं कमीही नाही. जागतिक बँकेची बरीच कर्जं अडली. दोनशेच्या आसपास भारतीय संस्था काळ्या यादीत गेल्या, त्यात बीएआरसी होतंच. शास्त्रज्ञांना व्हिसा मिळेना, साधं उपकरण मागवायचं तरी कागदांची रांग. पण सरकारने परदेशातल्या भारतीयांसाठी रिसर्जंट इंडिया बॉण्ड काढले आणि चार अब्ज डॉलरहून जास्त जमा झाले, दुबईपासून न्यूजर्सीपर्यंत पैसा आला. तिकडे अमेरिकन शेतकरी ओरडायला लागले की पाकिस्तानला गहू विकता येत नाही, तर दोन महिन्यांत त्यांच्या संसदेने शेतीमालाला सूट देऊन टाकली. २००१ च्या सप्टेंबरमध्ये ट्विन टॉवर पडल्यावर ११ दिवसांनी बुशने उरलेले बहुतेक निर्बंध उठवले, कारण आता पाकिस्तानची पण गरज होती ना.

मग २००५ ला एकदम यू-टर्न कसा काय?

चीन. हे एकच उत्तर पुरे आहे पण थोडं सांगतो. १८ जुलै २००५ ला बुश आणि मनमोहन सिंग यांचं संयुक्त निवेदन आलं. त्यात भारताला अण्वस्त्रधारी म्हटलेलं नाही, शब्द बघा, प्रगत अणुतंत्रज्ञान असलेला जबाबदार देश. वकिलाने लिहिल्यासारखं वाक्य आहे, बॉम्ब आहे असं पण म्हटलं नाही आणि नाही असं पण नाही. बदल्यात भारताने आपल्या २२ पैकी १४ भट्ट्या तपासणीखाली आणायच्या, बाकीच्या आठांकडे कोणी बघायचं नाही. १९७८ ला हीच अमेरिका सगळं उघडं करा म्हणत होती.

मग डिसेंबर २००६ मध्ये भारताशी अणुसहकार्याला वाट करून देणारा अमेरिकेचा हाईड कायदा, त्यावरून आपल्याकडे आरडाओरडा, डाव्यांनी जुलै २००८ मध्ये पाठिंबा काढला, २२ जुलैला लोकसभेत नोटांची बंडलं दाखवली गेली ती आठवत असतील, आणि सरकार २७५ विरुद्ध २५६ ने वाचलं. ६ सप्टेंबरला व्हिएन्नात एनएसजीने सूट दिली. ऑस्ट्रिया, आयर्लंड, न्यूझीलंड अडून बसले होते, चीनही कुरकुरत होता, अमेरिकेने फोनवर फोन करून सगळ्यांना वळवलं. १० ऑक्टोबरला करारावर सह्या. अमेरिकेने दुसऱ्या कोणत्या देशासाठी एवढी धावपळ केलेली माझ्या बघण्यात नाही.

यात आपल्या काकोडकरांचा काय रोल होता?

डॉ. अनिल काकोडकर, रुपारेल आणि व्हीजेटीआयचे, तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. अमेरिकेला कल्पक्कमची फास्ट ब्रीडर भट्टी, म्हणजे जळतं त्याहून जास्त इंधन तयार करणारी, ती पण तपासणीच्या यादीत हवी होती. काकोडकरांनी २००६ च्या फेब्रुवारीत थेट पेपरला मुलाखत दिली की हे देशाच्या हिताचं नाही. सरकारी माणूस चर्चा चालू असताना असं जाहीर बोलत नाही सहसा, दिल्लीत काही लोकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असणार. पण झालं काय, पुढच्या महिन्यात अंतिम यादी आली तेव्हा ब्रीडर बाहेर होती. ते आडमुठे होते असं म्हणणारे पण आहेत. मी त्यांच्यात नाही.

जैतापूर अमेरिकेचं आहे ना?

नाही. फ्रान्सचं. कुडनकुलम रशियाचं. तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्या ५४० मेगावॉटच्या भट्ट्या स्वदेशी, पोफरण आणि अक्करपट्टीचे लोक उठवले ते त्यांच्यासाठी, तो राग अमेरिकेवर काढू नका.

मग करारानंतर अमेरिकन भट्टी आली कुठे?

कुठेच नाही. खरंच, २००८ पासून एकही नाही. आंध्रात कोव्वाडाला वेस्टिंगहाऊस या अमेरिकन कंपनीच्या सहा भट्ट्या पुढे ठरल्या, पण त्याआधीच २०१० मध्ये आपण अपघाताच्या भरपाईचा कायदा केला आणि त्यात माल पुरवणाऱ्या कंपनीलाही जबाबदार धरायची सोय ठेवली. त्याच वर्षी भोपाळचा निकाल लागला होता, २५ वर्षांनी किरकोळ शिक्षा, लोक खवळलेले, कोणता खासदार अमेरिकन कंपनीला सूट देईल? अमेरिकन कंपन्या म्हणाल्या या कायद्याखाली आम्ही येत नाही. २०१७ ला वेस्टिंगहाऊस स्वतःच दिवाळखोरीत गेली. म्हणजे अमेरिकेने एवढा खटाटोप करून जे दार उघडलं त्यातून आधी रशिया, फ्रान्स आणि कझाकस्तानचं युरेनियम आत आलं. नाचता येईना अंगण वाकडं असं काही जण म्हणतात, मला वाटतं अंगणही थोडं वाकडं होतंच.

इराणला एक न्याय आणि भारताला दुसरा, हे ढोंग नाही का?

आहे, पण पूर्ण नाही. इराणने एनपीटीवर सही केलेली आहे, आपण कधीच केली नाही, त्यामुळे कायद्याने इराणवर जे बंधन आहे ते आपल्यावर नव्हतंच. हा फरक खरा आहे. पण मग इस्रायलनेही सही केलेली नाही आणि त्याला अमेरिका साधा प्रश्नही विचारत नाही, तेव्हा नियमापेक्षा नातं मोठं हे उघड आहे. आणि आपण पण फार सोवळे नाही बरं का, अणुकरार अडकलेला असताना सप्टेंबर २००५ आणि फेब्रुवारी २००६ मध्ये आपण आयएईएत, म्हणजे ही अणुतपासणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत, इराणच्या विरोधात मत दिलं. सरकारने सांगितलं की त्याचा कराराशी संबंध नाही. ठीक आहे, नसेल.

भारताने परत चाचणी केली तर?

अमेरिकन कायद्याप्रमाणे सहकार्य थांबू शकतं आणि दिलेला माल परत मागायचा हक्क त्यांच्याकडे आहे. आपल्या बाजूने आपण फक्त स्वतःहून चाचणी न करण्याचं म्हटलंय, सीटीबीटीवर सही केलेली नाही.

सध्या काय चाललंय?

जानेवारी २०२५ मध्ये बायडनने जाता जाता बीएआरसी, कल्पक्कमचं केंद्र आणि इंडियन रेअर अर्थ्स यांची नावं काळ्या यादीतून काढली, म्हणजे कराराला १६ वर्षं झाल्यावर. मार्चमध्ये होल्टेक या अमेरिकन कंपनीला छोट्या भट्ट्यांचं तंत्रज्ञान भारतात द्यायची परवानगी मिळाली, तिचं भारतातलं ऑफिस पुण्यात आहे म्हणून आमच्या ग्रुपवर लगेच नोकरी मिळेल का विचारणं सुरू. आणि डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या संसदेने शांती नावाचा नवीन कायदा पास केला, खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि पुरवठादारावरचं ते नावडतं कलम गेलं. अमेरिका १५ वर्षं हेच मागत होती. एनएसजीच्या मेंबरशिपला मात्र अमेरिका हो म्हणते, चीन नाही म्हणतो, २०१६ पासून गाडी तिथेच.

तारापूरमध्ये जळलेलं अमेरिकन इंधन गेलं कुठे?

कुठेही गेलं नाही. त्यातून प्लुटोनियम काढता येतं म्हणून त्यावर प्रक्रिया करायला अमेरिकेची संमती लागायची आणि ती संमती कधी मिळायची नाही. भारत म्हणायचा की घेऊन जा नाहीतर आम्हाला प्रक्रिया करू द्या, तर दोन्ही नाही. तारापूरलाच प्रक्रियेचा कारखाना बांधून तयार होता, तरी या मालाला हात लावायची सोय नव्हती. २०१० मध्ये शेवटी वेगळा समझोता झाला की तपासणीखालचं नवीन केंद्र उभारा आणि मग करा. तोपर्यंत १९६३ चा करार संपून १७ वर्षं झाली होती आणि माल आमच्या बोईसरपासून काही किलोमीटरवर पाण्याच्या टाक्यांत बुडवून ठेवलेला.